बिनशिक्क्याचा मासा

सुलभा मुळावकर मॅडम नसत्या तर मी सौंसरला वडिलांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत म्हातारा झालो असतो. त्या कामात कमीपणा काही नाही. पण आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच, आणि बी.ए. झाल्यावर माणसाने पुढे काय करायचं असतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ते मॅडमनी शिकवलं. म्हणून नेहरू नगरच्या आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं आणि दोन आठवडे तिथेच अडकून बसलो. का अडकलो ते पुढे येईलच.

मी भोपाळच्या एका सरकारी कलादालनात 'मांडणी सहायक' होतो. मॅडम तिथल्या संग्रहाध्यक्ष, मूळच्या नागपूरच्या. लोकांना वाटतं चित्रं भिंतीवर आपोआप असतात. तसं नसतं. कागदावरचं जुनं चित्र फार नाजूक असतं. त्याला जाड पुठ्ठ्याची चौकट कापावी लागते, तिला आम्ही माऊंट म्हणतो. चित्र पुठ्ठ्याला सरळ चिकटवायचं नाही. वरच्या दोन कोपऱ्यांना पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावून नुसतं लटकत ठेवायचं, म्हणजे उद्या काढायचं झालं तर इजा न होता निघेल. पट्ट्यांना बाजारातला गोंद चालत नाही, गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. आमच्याकडे ती मागवायची फाईल एकदा निघाली होती. ती परत आलेली मी पाहिली नाही. शेवटी माझी बायको शोभा कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढायची, त्यातलाच वाटीभर मी ऑफिसात नेऊ लागलो.

"देशोदेशीची चित्रं माझ्या चिकावर लटकतात," ती म्हणायची, "आणि मला उद्घाटनाचं कार्डसुद्धा नाही!"

माझं दुसरं काम चित्राशेजारची हिंदी माहितीपट्टी लिहिणं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एका हत्तीच्या चित्राखाली लिहिलं होतं, "हाथी। काग़ज़ पर रंग।" मॅडमनी पट्टी हातात घेतली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"घाटोळे, हत्ती आहे हे लोकांना दिसत नाही का?"

"दिसतं, मॅडम."

"मग दिसतं ते कशाला लिहिता? दिसत नाही ते लिहा. हा हत्ती कोणाचा, कुठे निघालाय, चित्रकाराने त्याला हिरवा का केला."

"का केला, मॅडम?"

"मला काय माहीत? शोधा. त्याचा पगार मिळतो तुम्हाला."

शोधायचं कसं हेही त्यांनीच दाखवलं. भोपाळातच शाहपुऱ्याला त्यांच्या घरी जेवणाचं टेबल होतं, त्याच्या एका टोकाला बसून मी तीन वर्षं त्यांची पुस्तकं वाचली आणि संग्रहालयशास्त्राची पदविका पूर्ण केली. त्यांचे यजमान दुसऱ्या टोकाला पेपर वाचत. एकदा म्हणाले, "अहो घाटोळे, तुम्ही आमच्या रेशन कार्डावर नाव का नाही घालून घेत?"

आता मुख्य गोष्ट. मॅडमच्या निवृत्तीला चार-पाच महिने राहिले होते. एका खासगी संग्राहकाकडची चाळीस जपानी छापचित्रं शहरोशहरी फिरत होती, ती आमच्याकडे यायची ठरली. लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं. चित्रकार रेखाटन करायचा, कोरणारा लाकडावर उलटं कोरायचा, छापणारा प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा घेऊन हाताने कागदावर दाब द्यायचा. शेवयांचा एक वाडगा जितक्याला मिळे साधारण तितक्याला हे चित्र मिळायचं. म्हणजे दरबारातली नव्हे, बाजारातली कला.

त्यातली बरीचशी चित्रं टिंगलीची होती. जुन्या काळचा पूज्य धर्मगुरू म्हणून जी बैठक सगळ्यांना पाठ, त्या बैठकीत चहाच्या दुकानातली मुलगी बसवलेली. पुराणातले वीर चालू फॅशनच्या कपड्यांत. एका चित्रात मांजरांची नाटक कंपनी होती. तिथल्या सरकारने एका काळात नटांची चित्रं काढायला बंदी केली, तेव्हा चित्रकारांनी मांजरं काढली आणि प्रत्येक मांजराला एकेका गाजलेल्या नटाचे डोळे, भिवया, ऐट दिली. गिऱ्हाइकाला कळायचं कोण कोण आहे ते. त्या काळी प्रत्येक चित्र छापण्याआधी तपासनीसाला दाखवून त्यावर त्याचा छोटा गोल शिक्का घ्यावा लागे. मांजरांना शिक्का मिळाला होता. तपासनीसाला मांजरंच दिसली असणार, नाहीतर तोही नाटकं बघणारा असेल.

हे सगळं मला आधी पचेना. "मॅडम, धर्मगुरूच्या जागी चहावाली? लोक रागवायचे नाहीत?"

"तुम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला कधी आहात का?"

"एकदा होतो."

"बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा त्यांच्या गळ्यात पाट्या कोणाच्या असतात? महागाईच्या, लाचखाऊ साहेबांच्या, पुढाऱ्यांच्या. पुतळा जुना, पाटी यंदाची. लोक रागवतात की नाचतात?"

"नाचतात."

"मग हेही तेच. फक्त कागदावर."

त्या दिवसापासून मला जपान सौंसरपासून फार लांब वाटेनासं झालं.

चाळिसावं चित्र माशाचं होतं. जपानी लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणे जमिनीखाली एक प्रचंड मिशाळ मासा असतो. एक देव त्याला दगडाखाली दाबून ठेवतो. देवाचं लक्ष चुकलं की मासा हलतो आणि भूकंप होतो. एकदा त्यांच्या राजधानीत मोठा भूकंप झाला, तेव्हा थोड्याच दिवसांत अशा माशांची चित्रं बाजारात धडाधड आली. आमच्या चित्रात मासा माणसाचे कपडे घालून पाटावर जेवायला बसला होता. एका बाजूने सुतार, गवंडी आणि छप्परवाले त्याला आग्रह करकरून वाढत होते, कारण पडलेलं शहर पुन्हा बांधायचं काम त्यांना मिळालं होतं. दुसऱ्या बाजूने घरं गेलेली माणसं दांडकी घेऊन त्याला मारायला धावत होती, आणि सुतार मंडळी त्यांना अडवत होती. ही चित्रं घाईने, चोरून छापलेली. त्यांच्यावर चित्रकाराचं नाव नाही आणि तपासनीसाचा शिक्काही नाही.

मॅडम त्या चित्रासमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "घाटोळे, तीस वर्षं मी या भिंतींवर फुलं, पक्षी आणि थोर पुरुष टांगले. जाण्याआधी एकदा तरी हसणारी भिंत करू द्या मला. हा मासा दारातून शिरताच समोर."

बाहेरून आलेलं प्रत्येक चित्र आमच्या आवक रजिस्टरात चढवायचं असे. त्यात कुठे फाटलंय, कुठे डाग आहे, हे रकाने. या प्रदर्शनासाठी मी हौसेने एक रकाना वाढवला, 'मुहर', म्हणजे शिक्का. एकोणचाळीस चित्रांपुढे लिहिलं, "है।" माशापुढे लिहिलं, "नहीं है।" आणि दिसत नाही ते लिहायची मला आता सवय लागली होती, म्हणून पुढे जोडलं, "बिना सरकारी अनुमति के छपा हुआ।"

रजिस्टर सहीला प्रशासकीय अधिकारी तिवारीजींकडे गेलं. तिवारीजी वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांचं चित्रांशी काही देणंघेणं नव्हतं, कागदांशी होतं. त्यांनी मला बोलावलं.

"घाटोळेजी, ये क्या लिख मारा?"

"सर, वो उस ज़माने की जापान सरकार की अनुमति..."

"जापान की हो या जहान की, सरकार सरकार होती है। बिना अनुमति की चीज़ मैं सरकारी दीवार पर कैसे टँगवा दूँ?"

"सर, वो सरकार तो कब की चली गई।"

"तो उसकी जगह कोई आई होगी! कुर्सी कहीं ख़ाली रहती है? उस समय नहीं ली तो अब ले लीजिए।"

"किससे, सर?"

"ये भी मैं बताऊँ? दिल्ली में दूतावास है। चिट्ठी डालिए। जब तक जवाब नहीं आता, मछली अंदर।"

उद्घाटन चार दिवसांवर होतं. मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. चूक माझीच होती, माझ्या रकान्याची. "मॅडम, मी ती ओळ खोडतो."

"खोडायची नाही. खरी नोंद आहे." त्या शांत होत्या, आणि शांत असल्या की त्या फार रागावलेल्या असत. "मी त्यांना नोट लिहिते. माणूस शिकलेला आहे. नीट समजावलं तर समजेल. आणि मासा नाही लागला, तर उद्घाटनाला मी नाही. घरी बसेन. माझ्याविना करा."

मॅडमना मी ओळखत होतो. बसल्या असत्या. तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट त्यांनी शाहपुऱ्याला घरात बसून केला असता, आणि तोही माझ्या एका रकान्यापायी.

रात्रभर जागून म्हणा किंवा कसं, दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन पानं आणली. सुंदर अक्षर, पाठपोट. मी ती मधोमध दुमडून फाईलला लावली आणि तिवारीजींच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी गेलो तर फाईल तिथेच, आणि पानांची घडी मी घातली होती तशीच.

"सर, मैडम की नोट..."

"देखी है। बहुत लंबी है।" तिवारीजी चहा बशीत ओतत होते. "घाटोळेजी, मैं झगड़ा नहीं चाहता। कल ऑडिट वाला पूछेगा तो मैं तीन पन्ने थोड़े ही सुनाऊँगा। मुझे तो काग़ज़ पर एक गोल चीज़ दिखा दीजिए। बस। फिर टाँगिए आप मछली, मगरमच्छ, जो टाँगना है।"

गोल चीज माझ्या खणात होती. आमच्या स्वतःच्या संग्रहातलं चित्र तपासून झालं की त्याच्या माऊंटच्या पाठीवर 'प्रदर्शन हेतु स्वीकृत' असा एक गोल शिक्का मारायची पद्धत होती. पाहुण्या चित्रांवर तो मारायचा नाही, असा मॅडमचा सक्त नियम. मी टेबलाशी बसलो. माशाचं माऊंट उलटं केलं. चित्रावर नाही, शोभाची शपथ, चित्राला धक्कासुद्धा लावला नाही, फक्त पुठ्ठ्याच्या पाठीवर मारला. मग रजिस्टरात "नहीं है" च्या पुढे लिहिलं, "माउंट पर है।" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तिवारीजींनी माऊंट उलटून पाहिलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं, जणू तो ओला आहे की काय. "देखा? हो गया ना? इसी के लिए तीन पन्ने!" आणि मॅडमच्या नोटखाली, तिसऱ्या पानाच्या तळाशी, घडी न उघडता पान जरासं उचलून हिरव्या शाईत लिहिलं, "अनुमोदित।"

मी फाईल मॅडमकडे नेली. त्यांनी शेवटचं पान पाहिलं. चष्मा काढला.

"वाचली त्यांनी?"

"हो, मॅडम."

इतकंच बोललो. तेवढंच खोटं.

प्रदर्शन महिनाभर चाललं. मासा दारासमोरच होता. मी पट्टी लिहिली, तीत त्याच्यावर शिक्का नाही हेही लिहिलं. पाठीमागचं कोणाला दिसत नव्हतं. चित्रातला विनोद समजावणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. जास्त समजावला तर मरतो, नाही समजावला तर माणूस जांभई देऊन पुढे जातो. पण त्या माशाला माझी गरज पडली नाही. रस्ते-पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर रोज संध्याकाळी यायचे, हबीबगंजहून पायी. पहिल्या दिवशी मासा पाहून इतके हसले की चौकीदार धावला. "अरे, ये तो हमारा डिपार्टमेंट है! ये जो परोस रहा है ना, इसको मैं नाम से जानता हूँ!" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या बॉसला आणलं. बॉस हसले नाहीत. पट्टी दोनदा वाचून गेले.

एक दिवस जुन्या शहरातले एक वृद्ध गृहस्थ आले, शेरवानी घातलेले. ते माशापुढे इतका वेळ उभे राहिले की मी खुर्ची नेऊन दिली. बसले नाहीत.

"बरख़ुरदार, ये दावत किस बात की है?"

मी सांगितलं.

ते म्हणाले, "उस रात के बाद हमारे यहाँ भी आए थे। कोई दवा लेकर, कोई फ़ारम लेकर, कोई कैमरा लेकर। किसी-किसी का घर बन गया।" कोणती रात्र, हे भोपाळमध्ये कोणाला विचारावं लागत नाही. "हमारे शहर ने ऐसी तस्वीर नहीं बनाई। बननी चाहिए थी।"

मी मॅडमना हे सांगितलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या माशासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं, बरं झालं मी तो शिक्का मारला. तेव्हा खरंच तसं वाटलं.

मग त्यांचा निरोप समारंभ झाला. समोसे, बर्फी, शाल, श्रीफळ. भाषणाऐवजी मॅडमनी पिशवीतून ती नोट काढली, तिची प्रत त्यांनी करून घेतली होती, आणि सगळ्यांसमोर वाचली. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यात दूतावासाला लिहिण्याची किंवा सवलतीची विनंती नव्हतीच. त्यांनी लिहिलं होतं, या चित्राने कोणाची परवानगी मागितली नाही हाच त्याचा विनोद आणि हाच त्याचा मोठेपणा. आपण त्याला आज परवानगी दिली तर आपण ते चित्र लावलं नाही, काढून घेतलं. म्हणून ते जसं आहे तसं, बिनशिक्क्याचं, लावावं.

टाळ्या पडल्या. तिवारीजी सर्वांत जोरात वाजवत होते. "मैडम, ये नोट तो मुझे ज़बानी याद है!" मॅडम इतक्या आनंदाने हसल्या की माझ्या हातातला समोसा तसाच राहिला.

त्यानंतर त्या नागपूरला राहायला गेल्या. वर्षातून दोनदा तरी फोन होतो. दरवेळी कोणाला ना कोणाला त्या ही गोष्ट सांगून आलेल्या असतात: मनापासून लिहिलं तर सरकारी माणूससुद्धा वाचतो, आणि वाचलं की समजतो. भाचीच्या मुलीला सांगितली, ती आता सरकारी नोकरीत आहे, लांबलचक नोटा लिहिते म्हणे. मीही माझ्या हाताखालच्यांना हीच गोष्ट सांगत आलो. निवृत्त होईपर्यंत सांगितली. ती पुष्कळांना आवडायची. मी एकटाच ती सांगताना मध्येच थांबायचो आणि चहा मागवायचो.

या अंकासाठीही मी तीच लिहायला बसलो होतो, मॅडमच्या पद्धतीने. नाव लिहून झालं आणि हात चालेना. मग मी खरं घडलं ते, वरचं सगळं, लिहिलं, मंडळात देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना पत्र लिहिलं. तेही या लेखाच्या शेवटी जोडायला दिलं आहे.

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. शोभा तुम्हाला नमस्कार सांगते.

एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तिवारीजींनी तुमची नोट वाचली नव्हती. मी माशाच्या माऊंटवर मागून आपला गोल शिक्का मारला, त्यांनी तो पाहिला आणि सही केली. पानांची घडी शेवटपर्यंत उघडली नाही. तुम्ही "वाचली का" विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो.

इतकंच असतं तर मी कदाचित अजूनही गप्प बसलो असतो. पण मॅडम, ती नोट मीही वाचली नव्हती. माझ्या हाताने दुमडली, माझ्या हाताने नेली, आणि दोन दिवस ती तिवारीजींच्या टेबलावर माझ्या हाताच्या अंतरावर पडून होती. तुमच्या टेबलावर तीन वर्षं वाचायला शिकलेला माणूस मी, एकदा उघडून पाहिली असती तर शिक्क्याला हात लावला नसता. तुम्ही जे करू नका म्हणून लिहिलं होतं, नेमकं तेच मी तुमच्यासाठी केलं. निरोपाच्या दिवशी मला ते कळलं आणि तेव्हा तुम्ही फार आनंदात होता.

प्रदर्शन संपल्यावर चित्रं माऊंटसकट परत गेली. म्हणजे जगात कुठेतरी आपला मासा आजही भिंतीवर असेल आणि त्याच्या पाठीवर 'प्रदर्शन हेतु स्वीकृत, भोपाल' असेल. ते पाहून कोणी एखादा अभ्यासक डोकं खाजवत असेल. ते आठवून मला लाजही वाटते आणि हसूही येतं. हसूबद्दल माफ करा.

हे सगळं मी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिलं आहे, नावानिशी. लेख कालच देऊन आलो. आजवर तुम्हाला दाखवल्याशिवाय मी एक ओळ कुठे दिली नाही, पण हा लेख दाखवला नाही. दाखवला असता तर तुम्ही "छापा" म्हणाला असता, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग मी तुमच्या आड लपलो असतो.

रागावला असाल तर फोन करू नका, मी समजेन. पण ज्यांना ज्यांना तुम्ही ती गोष्ट सांगितली आहे, त्यांना आता ही सांगून पाहा. मला वाटतं, हिला लोक जास्त हसतील.

आपला,
घाटोळे